कुऱ्हाड, पेन्सिल आणि आपलं रान



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालवली जाते, ते चित्रकलेचे शिक्षक होते. तालुक्याच्या गावात चित्रकलेच्या शिक्षकाच्या वाट्याला काय येतं, हे आपण सगळे जाणतो. स्नेहसंमेलनाचे फलक, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी, गणपतीची आरास आणि गणिताच्या सरांना पोर्शन संपवायला हवा असला की हातचा जाणारा तास. त्यांच्या नावानं उभं राहायचं तर चित्रकलेवरच बोलावं, असं मी ठरवलं. पत्रिकेवर ‘एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन निसर्गचित्रकार आणि आपण’ असा विषय वाचून काहींनी मला विचारलं, की आपल्या मानोरा गावाचा आणि अमेरिकेचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो कापसाचा आहे.

थॉमस कोल हा अमेरिकन निसर्गचित्रणाचा आद्य पुरुष मानला जातो. पण तो जन्मला इंग्लंडमध्ये, १८०१ साली, लँकेशायरमधल्या बोल्टन या गावी. बोल्टन म्हणजे कापडगिरण्यांचं गाव. पोरवयात कोल कापडछपाईचे ठसे कोरायच्या कामाला होता. त्याच्या अवतीभवती गिरण्यांची धुराडी, कोळशाचा धूर, घंटेवर उठणारं आणि घंटेवर निजणारं गाव. १८१८ मध्ये हे कुटुंब अमेरिकेला गेलं. १८२५ मध्ये कोल न्यूयॉर्कहून हडसन नदीनं वर गेला, कॅटस्किलच्या डोंगरात भटकला आणि स्केचवही भरून परतला. त्या स्केचेसवरून केलेली चित्रं न्यूयॉर्कच्या एका दुकानात लागली आणि तिघा नावाजलेल्या कलावंतांनी ती विकत घेतली. पुढं ज्याला ‘हडसन रिव्हर स्कूल’ म्हणू लागले, त्या परंपरेची ही सुरुवात.

गिरणीच्या गावात वाढलेल्या मुलाला डोंगराचं वेड लागावं, यात मला योगायोग दिसत नाही. रानात जन्मलेला माणूस रानाकडे ‘देखावा’ म्हणून बघत नाही. त्याच्या लेखी ते जळण असतं, चारा असतो, मोह-टेंभुरणं असतात, कधी भीतीही असते. रानाची ओढ लागते ती रानापासून तुटलेल्या माणसाला. आजच्या व्याख्यानात मला मुख्यतः हेच मांडायचं आहे. निसर्गाची ओढ आणि निसर्गाचा नाश या दोन्ही गोष्टी एकाच काळात, बऱ्याचदा एकाच गिरणीतून बाहेर पडतात. त्यामुळे निसर्गचित्राला मी शोभेची वस्तू मानत नाही. ती एक साक्ष असते.

पुरावा कोलच्याच चित्रांत आहे. कॅटस्किल गावाजवळ त्याच नावाचा एक ओढा आहे. कोल त्याच्या काठानं वर्षानुवर्षं फिरला. १८३६ च्या सुमारास तिथून रेल्वे न्यायचं काम निघालं आणि काठची झाडं तोडली गेली. त्याच वर्षी कोलनं अमेरिकेच्या निसर्गावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि कुऱ्हाडीबद्दलचा आपला संताप त्यात मांडला. लगेच त्यानं त्या जागेचं एक मोठं चित्र केलं. त्या चित्रात झाडं उभीच आहेत, आई लेकराला फुलं देते आहे, दूरवर डोंगर निळसर दिसतो आहे. तुटलेलं रान त्यानं आठवणीतून आणि जुन्या स्केचेसमधून परत उभं केलं. नंतर १८४३ मध्ये त्यानं तीच जागा पुन्हा रंगवली. या वेळी काहीच लपवलं नाही. पुढं बुंधे, बोडका काठ, कुऱ्हाडीवर हात ठेवून पाठमोरा उभा असलेला एक माणूस आणि मधून धूर सोडत जाणारी चिमुकली आगगाडी. नदी तीच, डोंगर तोच. ही दोन चित्रं शेजारी ठेवली, की सहा-सात वर्षांत काय घडलं ते सांगायला तिसरं कुणी लागत नाही.

आता कापसाचा तोच धागा धरून आपल्याकडे येऊ. १८५३ च्या तहानं निजामानं आपलं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा गेला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. पुढं विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी आपली शकुंतला रेल्वे सुरू झाली, तीही मुळात कापसासाठीच. चराईची कुरणं नांगराखाली आली, ज्वारीच्या जागी पऱ्हाटी उभी राहिली. कोलच्या चित्रातली आगगाडी इकडेही आली, कुऱ्हाडही आली. फक्त ते टिपून ठेवणारी स्केचवही आली नाही.

ती का आली नाही, हे समजायला तिकडे ती कशी तयार झाली ते बघावं लागतं. त्यातली निम्मी गोष्ट साधनांची आहे. पूर्वी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. पिशवी एकदा टोचली की रंग सुकायला लागायचा, मग डोंगरावर कोण नेणार? १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं लंडनमध्ये कथलाच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं. आज टूथपेस्ट पिळतो तीच कल्पना. रंग खिशात मावू लागले आणि चित्रकार घराबाहेर पडला. पेन्सिलीचंही तसंच. वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहणारा हेन्री डेव्हिड थोरो आपल्याला विचारवंत म्हणून माहीत आहे. पण त्याच्या घरचा धंदा पेन्सिली करण्याचा होता, आणि ग्रॅफाइटच्या भुकटीत माती मिसळून चांगली पेन्सिल कशी करावी यावर त्यानं स्वतः डोकं चालवलं होतं. म्हणजे निसर्गावर लिहिणारा माणूसच निसर्ग काढायचं हत्यारही घडवत होता.

दुसरी निम्मी गोष्ट शिस्तीची. कोल उन्हाळ्यात पायी फिरायचा, पेन्सिलीनं झटपट रेखाटनं करायचा, आणि रंगाऐवजी त्या रेखाटनावर शब्दच लिहून ठेवायचा. इथं सावली निळी, तिथं पान तांबूस, उजेड डावीकडून. रंगकाम व्हायचं हिवाळ्यात, घरी. मधे काही महिने जाऊ द्यावेत, म्हणजे किरकोळ तपशील आपोआप गळतात आणि मुख्य ते उरतं, असं त्याचं मत होतं. त्याचा मित्र अॅशर ड्युरँड नेमका उलट वळणाचा. तो मूळचा खोदकाम करणारा, नोटांवरची बारीक नक्षी कोरलेला हात. रंगपेटी घेऊन तो रानातच बसायचा आणि संपूर्ण देखावा काढण्याऐवजी एकच खोड, एकच शेवाळलेला दगड दिवसभर रंगवायचा. १८५५ मध्ये त्यानं तरुण चित्रकारांसाठी एका नियतकालिकात पत्रमाला लिहिली. तिचं सार एवढंच, की मोठ्या चित्रकारांची चित्रं गिरवण्याआधी झाडाजवळ जा. या माणसाच्या झाडांच्या अभ्यासात मला पूर्ण चित्रांपेक्षा जास्त गोडी वाटते. साल कुठं फाटली आहे, फांदी खोडातून निघताना किती जाडीची आहे, मूळ दगडाला वळसा घालून कसं गेलं आहे, हे सगळं त्यात आहे. मोठ्या देखाव्यात चित्रकाराला थाप मारता येते, एका खोडात येत नाही.

पुढच्या पिढीनं भव्यतेचा ध्यास घेतला. फ्रेडरिक चर्चनं १८५७ मध्ये नायगारा रंगवला. १८५९ मध्ये त्याचं अँडीज पर्वताचं चित्र न्यूयॉर्कला तिकीट लावून दाखवलं गेलं, तेव्हा पंचवीस सेंट मोजून हजारोंनी लोक रांगेत उभे राहिले. १८७१ मध्ये थॉमस मोरन एका सरकारी सर्वेक्षणाबरोबर यलोस्टोनला गेला. गरम पाण्याची कारंजी, पिवळ्या दगडाची दरी यांची जलरंगातली रेखाटनं त्यानं आणली. विल्यम हेन्री जॅक्सननं काढलेल्या फोटोंबरोबर ती खासदारांच्या नजरेखालून गेली आणि १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. त्याच वर्षी मोरनचं तिथल्या दरीचं मोठं चित्र काँग्रेसनं दहा हजार डॉलरला विकत घेतलं. स्केचवहीची पानं कायद्याच्या कामी आली, असं इतिहासात फार वेळा घडलेलं नाही.

इथवर ऐकून आपल्याला वाटेल, की मी अमेरिकेची आरती ओवाळायला आलो आहे. तसं नाही. या चित्रांत जे आहे ते मी सांगितलं, आता जे नाही तेही सांगायला हवं.

कॅटस्किलमधला काटर्सकिल धबधबा कोलनं १८२६ मध्ये रंगवला. तोवर ती जागा सहलीची झाली होती. जवळ हॉटेल निघालं होतं, धबधब्यापाशी प्रवाशांसाठी कठडा होता. पुढं तर वर पाणी अडवून, पैसे दिले की सोडायचं, असाही धंदा चालला. कोलनं चित्रातून तो कठडा काढून टाकला आणि कड्यावर एकच माणूस उभा केला, तिथला मूळ रहिवासी, इंडियन. गंमत म्हणा की क्रूरपणा म्हणा, पण पर्यटक खरे असताना ते पुसले गेले, आणि ज्याला त्या भूमीतून हुसकावणं चाललं होतं तो शोभेपुरता उभा राहिला. चारच वर्षांनी, १८३० मध्ये, अमेरिकन सरकारनं मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा केला. यलोस्टोन ‘निर्मनुष्य’ म्हणून राखलं गेलं, पण तिथं शोशोनी आणि बॅनॉक लोक शिकारीला येत, राहत. योसेमिटीच्या दरीत १८५१ मध्ये आधी फौज शिरली, तिथल्या आवानीची लोकांना बाहेर काढलं गेलं, आणि मग त्या रिकाम्या दरीची सुंदर चित्रं निघाली. म्हणून कोणतंही निसर्गचित्र बघताना मी आधी विचारतो, की इथली माणसं कुठं गेली?

हा प्रश्न मानोऱ्यात विचारताना आपल्याला दूर जायची गरज नाही. पोहरादेवी आपल्याच तालुक्यात आहे. तिथं देशभरातून येणारा बंजारा समाज एके काळी बैलांच्या तांड्यावर धान्य, मीठ घेऊन हा अख्खा मुलूख तुडवत होता. रेल्वे आली आणि लदेणीचा धंदा बसला. १८७१ च्या कायद्यानं भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली. तांडे थांबले, कुठं माळावर वसले, कुठं मजुरीला लागले. उत्तरेला मेळघाटात १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि गेल्या काही दशकांत तिथल्या कोरकू गावांचं पुनर्वसन झालं, होत आहे. वाघ जगायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या रानाचं सुंदर पोस्टर निघतं त्या पोस्टरमध्ये कोरकू नसतो, हेही दिसायला हवं.

आपल्याकडे चित्रकार नव्हते, असं मात्र कुणी समजू नये. ड्युरँडच्या जन्माआधीच, १७९० च्या दशकात, पुण्याचा गंगाराम तांबट वेरूळची लेणी मोजून-मापून काढत होता. पुण्याचा ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पदरी तो होता, आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सबरोबरही त्यानं काम केलं. लेणी, गोसावी, पेशव्यांच्या जनावरखान्यातला गेंडा, सगळं त्यानं टिपलं. त्याची कितीतरी रेखाटनं आज अमेरिकेत, न्यू हेवनच्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. फ्रेडरिक चर्च ज्या कनेक्टिकट राज्यात जन्मला, त्याच राज्यात. पण गंगाराम काढत होता तो साहेबाच्या फर्माइशीवरून. काय काढायचं हे त्याच्या हातात नव्हतं.

१८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, आणि १८७२ पासून तिथल्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या नव्या नकला केल्या. आपल्याला यात अभिमानाची एक गोष्ट आहे. ज्या वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची उत्तम लेणी कोरली आणि रंगवली गेली, त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. त्या भिंतींवर कमळांची तळी आहेत, हत्ती, माकडं, फळांनी लगडलेल्या फांद्या आहेत. पण रान सहसा एकटं नाही, त्यात माणूस आहे. रान आणि माणूस एका भिंतीवर नांदवण्याची ही रीत वाशीमच्या राजवटीत बहरली, आणि कोलच्या धबधब्यावर ती हरवली.

एकोणिसाव्या शतकात जे. जे. मधून बाहेर पडलेल्या एका चित्रकारानं ती रीत आपल्या परीनं परत आणली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान. मुंबईत शिकून, नाव कमावून ते परत गावी आले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार नेमलं. मुंबईत राहते तर पैसा होता. पण ते कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि आयुष्यभर रंकाळा, पंचगंगेचा घाट, कोटितीर्थ यांच्याच वाटा तुडवत राहिले. हातात येईल त्या कागदाच्या तुकड्यावर पहाटेचं धुकं, पाण्यातलं प्रतिबिंब, घाटावर धुणं धुणाऱ्या बायका. १९२२ मध्ये महाराज गेले, तेव्हा या माणसानं दुःखाच्या भरात आपली असंख्य चित्रं पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये ते गेले. बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी यांच्या पिढीनं त्यांना गुरुस्थानी मानलं, आणि कोल्हापूरच्या निसर्गचित्रणाची जी परंपरा पुढं चालली तिच्या मुळाशी एक तळं आहे. चर्चला अँडीज पर्वत लागला, आबालालांना रंकाळा पुरला. माझा कल आबालालांकडे आहे, हे लपवत नाही.

विदर्भाशी जोडलेलं उदाहरण हवं असेल तर सय्यद हैदर रझा. १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या जंगलगावात जन्म, नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, मग मुंबई, मग पॅरिस. सुरुवातीची त्यांची ओळख जलरंगातल्या देखाव्यांची. पुढं त्यांची चित्रं अमूर्त झाली, तरी लहानपणच्या रानाबद्दल ते उतारवयातही बोलत राहिले.

आता आपल्या शाळेतल्या मुलांकडे वळू. कोणत्याही वर्गात जाऊन सांगा, ‘निसर्गचित्र काढा.’ चाळीस वह्यांत एकच चित्र निघेल. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी, कौलारू झोपडी आणि दोन नारळाची झाडं. मानोऱ्याच्या पोरानं नारळाचं झाड पाहिलं आहे कुठं? कौलारू झोपडीच्या जागी त्याच्या गावात टिनाचं छप्पर आहे. अरुणावती नदी त्यानं रोज पाहिली आहे, पण ती कागदावर उतरत नाही. हे पोर आळशी नाही, मठ्ठ तर मुळीच नाही. सुंदर म्हणजे दुसरीकडचं, हे आपण सगळ्यांनी मिळून त्याला शिकवलं आहे. घरात कॅलेंडरवर बर्फाचे डोंगर, शाळेत भिंतीवर कोकण, आणि एलिमेंटरी परीक्षेच्या स्मरणचित्रात पाठ केलेलं दृश्य.

म्हणून ड्युरँडचा उपाय इथं लावून बघा. मुलाला देखावा काढायला सांगू नका, एक पळस काढायला सांगा. फाल्गुनात त्याच्या समोर बसवा. अर्ध्या तासात ते पोर काय काय सांगतं, ऐका. फूल आलं तेव्हा फांदीवर पान नव्हतं. फुलाचं बूड काळपट, मखमली आहे, म्हणून लांबून तो केशरी रंग इतका पेटलेला वाटतो. खोड सरळ नाही, प्रत्येक पेऱ्याला वळलेलं आहे. आणि पान आलं तर तीनच्या जुडीनं. ‘पळसाला पानं तीन’ ही म्हण आपण हजारदा म्हटली आहे, पण किती जणांनी मोजून पाहिली? काळी जमीन काळी नसते, हेही त्याला कळेल. ओली असताना ती निळसर, वाळली की राखी, भेगेच्या आत मात्र खरोखर काळी. धुऱ्यावरची बाभळ, पांदणीतला चिखल, आखरावर जमलेली ढोरं, कापूस वेचणाऱ्या बायांच्या कमरेला बांधलेली ओटी, हे सगळं चित्राच्या लायकीचं आहे. आणि त्यातून माणूस वगळू नका. बऱ्याच अमेरिकन चित्रांनी तो वगळला, त्याची किंमत तिथल्या माणसांनी मोजली. निंदणारी बाई, शेळ्या राखणारा पोरगा, काचेची भिंगं जडवलेली कांचळी घातलेली तांड्यावरची आजी, यांच्याशिवाय काढलेलं आपलं रान खोटं ठरेल.

ओढ तुटताना लागते, हे मी सुरुवातीला म्हणालो. आपलं रान या घडीला झपाट्यानं बदलतं आहे. पऱ्हाटीची जागा सोयाबीननं घेतली, पांदणींवर मुरूम पडतो आहे, धुऱ्यावरची झाडं ट्रॅक्टर वळायला अडचण म्हणून जाताहेत. हे सगळं वाईटच, असं मी म्हणत नाही. पांदण पक्की झाली की बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोचते, हे मला कळतं. पण बदल होण्याआधी काय होतं हे सांगायला आपल्याकडे काय आहे? सात-बारा पीक सांगेल, उपग्रहाचा फोटो क्षेत्र सांगेल. मोबाइलमध्ये फोटो हजार निघतात, पण ते बघायला कुणी थांबत नाही. बाभळीची सावली संध्याकाळी वावरात कुठवर जायची, हे थांबून बघणाऱ्यालाच कळतं, आणि पेन्सिल माणसाला थांबवते.

शेवटी शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. प्रत्येक शाळेनं एक जाड वही ठेवावी. महागडा कागद नको, साधी चालेल. दर महिन्याला वर्गातल्या मुलांनी गावाच्या शिवारातली एक जागा तिथं बसून काढावी. चित्र चांगलं यायलाच हवं अशी अट नको. बक्षीस नको, स्पर्धा नको. खाली तीन गोष्टी मात्र लिहाव्यात: तारीख, जागा, आणि रेखाटन करताना तिथं कोण काम करत होतं त्याचं नाव. दरवर्षी त्याच जागा पुन्हा काढाव्यात. दहा वर्षांत प्रत्येक गावाकडे आपल्या शिवाराची अशी नोंद तयार होईल, जी कुठल्या गॅझेटियरमध्ये नाही. उद्या ओढा बुजवायचा, टेकडी फोडायची, कुणाला उठवायचं असा प्रस्ताव ग्रामसभेपुढं आला, तर ती वही टेबलावर ठेवता येईल. वॉशिंग्टनमध्ये मोरनच्या रेखाटनांना खासदारांसमोर मान मिळाला. आपल्या ग्रामसभेत आपल्याच मुलांच्या रेखाटनांना तो का मिळू नये? फरक एवढाच राहील, की आपल्या वहीत त्या जमिनीवर घाम गाळणारी माणसं नावानिशी असतील.

हे काम सुरू करायला निधी लागत नाही, शासनाचा जीआर लागत नाही. चित्रकलेचा तास गणिताला न देणारे मुख्याध्यापक तेवढे लागतील. ते इथं पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून त्यांच्यासमोरच सांगून ठेवतो आणि आपली रजा घेतो.